बटाट्याचं खाणं

एडिसन, १४ ऑक्टोबर १९८६

खाल्लं एकदाचं बटाट्याने! कोर्गी जातीच्या कुत्र्याचं एवढंसं पिल्लू, परवा घरी आल्यापासून कशालाच तोंड लावत नव्हतं. महागडा डबा फोडला, तोही नुसता हुंगून सोडला. आज प्राण्यांचे डॉक्टर म्हणाले, "पिल्लांचं साधं कोरडं खाणं कोमट पाण्यात भिजवून द्या. बेतानेच हं, कोर्गी लवकर लठ्ठ होतात." येताना स्वस्तातली पिशवी आणली. माझा विश्वास कुठे होता? पण त्याने वाडग्यात तोंड खुपसलं, ते सगळं चाटूनपुसूनच वर काढलं. एरवी इंग्रजीतच उत्तर देणारी आमची मीरा किंचाळली, "आई, बघ, बटाटा जेवतोय!" खातोय नाही, जेवतोय. कुठून सुचलं हिला? मी दोघांनाही उचलून घेतलं.