निधीचं एन-सात

९ जानेवारी
सगळी मेली! निधीच्या एन-सात भाताच्या बिया औषध घातलेल्या जेलीत पेरल्या होत्या. आपला जीन अंगात असेल तर रोप त्या औषधातही हिरवं राहतं, नसेल तर मरतं. डब्यांमध्ये नुसतं पिवळं. एकही हिरवं नाही! औषध जास्त पडलं असणार. मीच धांदरट. पुन्हा पेरते.

२२ जानेवारी
पुन्हा मेली. औषध बरोबर होतं.

२३ जानेवारी
नीट लिहून काढते, म्हणजे डोकं थंड राहील.

आमचा बॅक्टेरिया म्हणजे पोस्टमन. मातीत राहतो, झाडाच्या जखमेतून आत शिरतो आणि स्वतःचे जीन झाडाच्या पेशीत टाकतो – जन्मजात धंदाच तो त्याचा. आपण त्याच्या पिशवीतलं त्याचं पत्र काढून आपलं घालतो. आमच्या पत्रात मीठ सोसणारा जीन, त्याला जोडून औषध सोसणारा. काम झालं की त्याला मारायचं. नाही मेला तर तो भातात लपून बसतो. मग तपासणीत आपला जीन दिसतो खरा, पण तो झाडात नसतो, त्याच्या पिशवीतच असतो!

निधीने हेच केलं होतं, अनिरुद्ध सरांच्या ह्याच लॅबमध्ये, माझ्या शेजारच्या टेबलावर. एवढ्या खटाटोपातून एक रोप निघालं, एन-सात. त्यावर तिला गेल्या वर्षी डॉक्टरेट, त्यावरच साकीनाक्याच्या कंपनीत नोकरी. आणि माझी अख्खी पीएचडी त्या रोपाच्या बियांवर! वाट कुणाकुणाची लागणार, ते दिसतंय.

२७ जानेवारी
फ्रीजरमधून मूळ एन-सातच्या पानाचा डीएनए काढला. ह्या खेपेला बॅक्टेरियाची स्वतःची खूण शोधली, जी तो झाडाला कधीच देत नाही. लख्ख दिसली. म्हणजे एन-सात कधी बदललंच नव्हतं. पोस्टमन आत बसून होता, बस्स. बियांत तो उतरत नाही, म्हणून त्या मेल्या.

ही तपासणी निधीने केलीच नव्हती. खोटेपणा नाही – घाई. सरांना पेपर पाठवायचा होता. मग मिठाच्या पाण्यात ते जगलं कसं? नशिबाने. एकच तर रोप होतं.

२८ जानेवारी
निधी जेवायला आली होती मुलुंडला. आईने तिसऱ्यांचं कालवण केलेलं. निधी तिला म्हणते, “मावशी, तुमच्या गावच्या खाडीकाठच्या खाऱ्या शेतात माझाच भात येणार, बघा तुम्ही!” आई म्हणाली, “बांद फुटल्यापासून आमच्या कुणग्यात गवतय उगवणा नाय गो. घेवन ये तुजो भात, बघुया.” दोघी हसल्या. मी मान खाली घालून तिसऱ्यांचे शिंपले चोखत राहिले.

सांगायला हवं होतं. तिच्या तोंडात घास असताना कसं सांगायचं?

२ फेब्रुवारी
सरांना सांगितलं. कॉम्प्युटरवरची नजर न काढता ऐकलं, मग उठून दार लावलं.
“निधीला बोललीस?”
नाही.
“बोलू नकोस. पेपर मागे घ्यावा लागेल. तिच्या डिग्रीची चौकशी लागेल. नोकरी अजून पक्की नाही तिची. खाजवून खरूज कशाला काढतेस?” मग एकदम मऊ आवाजात – “तू नवीन कर ना. भात तोच, जीन तोच, बॅक्टेरिया तोच. खरं निघालं की ते एन-सात. फरक कोणाला पडतो?”

मला पडतो, असं म्हणायला हवं होतं. “बघते सर,” म्हटलं. राग आला तो जिना उतरताना. काय उपयोग!

५ फेब्रुवारी
सुरू केलं. रोप तर लागणारच आहे. नाव काय द्यायचं ते नंतर बघू.

१९ फेब्रुवारी
बॅक्टेरिया मारायचं इंजेक्शन आम्ही मेडिकलमधूनच आणतो, माणसांचंच. दुकानातला केतन दर वेळी विचारतो, “पेशंट कसा आहे?” पहिल्या दिवशी समजावून सांगितलं नाही, आता फार उशीर झाला. “ताप आहे अजून,” म्हटलं. “टेन्शन नका घेऊ मॅडम, कोर्स फक्त पूर्ण करा. अर्धवट सोडला की पुन्हा उलटतं.”

निधीला हे कुणी सांगायला हवं होतं यार!

११ एप्रिल
हिरवे कोंब आलेत. निधीचा मेसेज – नोकरी पक्की झाली, शनिवारी घाटकोपरला पार्टी.

१३ एप्रिल
गेले नाही. पोट बिघडलंय म्हणून कळवलं. तिने उलट ओआरएस पाठवलं घरी! लाज वाटली. प्यायले पण.

३० मे
कुंडीत एकच टिकलं. आपला जीन आहे. बॅक्टेरियाची खूण – नाही! पुन्हा पुन्हा बघितलं. नाहीच! खरंखुरं बदललेलं रोप, माझ्या हातचं. एवढा आनंद झाला आणि सांगायला कोणी नाही. असली बातमी ऐकून माझ्याआधी किंचाळणारी एकटी निधीच.

१४ सप्टेंबर
बियांतून आलेली रोपं औषधात बहुतेक हिरवीच राहिली. मिठाच्या पाण्यातही उभी आहेत. सर म्हणाले, “झकास! एन-सातचं लेबल लावून टाक.” “लावते,” म्हटलं. लावलं नाही.

२० सप्टेंबर
ठरलं. निधीला सांगायचं. आधी तिला, मग सरांना.

आपलेच दात, आपलेच ओठ – कबूल. पण दुसऱ्या कुणाकडून कळलं तर ती मला उभ्या जन्मात माफ करणार नाही, आणि तिचं बरोबरच असेल. पेपर तिने स्वतःहून मागे घेतला तर मान तरी राहील. नव्या रोपावर दोघींची नावं घालू, सर काय करायचं ते करोत. भीती वाटतेच. पण आठ महिने तिच्याशी नीट बोललेले नाही मी, हे जास्त जड झालंय आता.

पुढच्या शनिवारी लॅबमध्ये येतेय ती, एन-सात बघायला. वाक्य पाठ केलंय – निधी, बस. एक वाईट गोष्ट आहे आणि एक चांगली.

२८ सप्टेंबर
निधी आली. कुंडीपाशी उकिडवी बसली, पानावरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, “माझं एवढं उंच कधीच नव्हतं गं.”

“खत बदललंय,” मी म्हटलं.