पाळकसाहेबांची कबर

शनिवार, १ नोव्हेंबर
विश्रांतवाडी

उद्या मृतांचा स्मरणदिन, म्हणून सकाळी बाबांच्या कबरीला चुना लावायला गेले. त्याच खेपेत आमच्या जुन्या पाळकसाहेबांची कबरही शोधायची होती. चर्चच्या स्मरणिकेत त्यांच्यावरचा लेख मीच लिहितेय. लिहिणारच. त्यांच्या उपदेशांनी भरलेल्या अकरा वह्या आहेत माझ्याकडे. दफनाला मात्र गेले नव्हते. ऑफिसात ऑडिट होतं. होतं ना?

दफनभूमीच्या कारकुनांनी विचारलं, "कोणत्या वर्षी वारले?"

मला सांगता येईना. त्यांचे उपदेश किती सुंदर असत, तेच सांगत बसले.

"बाई, रजिस्टरं तारखेनं लावलीयत, भक्तीनं नाही."

तासाभराने नोंद सापडली. सातवी रांग, बाबांच्या शेजारी. मी म्हटलं, चुकलं असेल काहीतरी, तिथे नुसता सपाट दगड आहे. दरवर्षी चुन्याची बादली मी त्यावरच तर ठेवते.

परत गेले. बादली तिथेच होती. ती उचलली आणि घराच्या किल्लीने दगड खरवडला. नाव चांगलं खोल कोरलेलं होतं. इतकी वर्षं ते माझ्याच चुन्याने बुजत आलं होतं.