चारशे बारासाठी सरळ वाट

२ मार्च
युद्धांमुळे उत्तरेकडचे आकाश बंद, दक्षिणेकडचेही अधूनमधून बंद. त्यामुळे युरोपातून चीनकडे जाणारी सारी विमाने हल्ली आमच्या कझाक मैदानावरून जातात आणि माझ्या रडारच्या पडद्यावर ठिपक्यांची दाटी होते. तरीही अतिराऊहून अल्माटीला जाणारे आमचे देशी विमान, चारशे बारा, मी रेडिओवरच्या आवाजावरून ओळखते. माझी हद्द संपली की त्याचे वैमानिक ‘साऊ बोल’, म्हणजे खुशाल राहा, असे म्हणतात. म्हणण्यापूर्वी किंचित थांबतात. हे थांबणे सर्वांसाठी नसते.

५ मार्च
त्यांना सरळ वाट द्यायचे ठरवले. मध्ये लष्कराच्या सरावाचा पट्टा आहे; तो मोकळा असेल तर फोन करून मागता येतो आणि आठ मिनिटे वाचतात. हेतू निव्वळ इंधनबचतीचा. मी भावनेच्या आहारी जाणारी मुलगी नव्हे.

९ मार्च
रोज फोन करते. लष्कराकडचे मेजर आज म्हणाले, पोरी, एवढी विमानं जातात, तुला एकाचीच घाई; मामा बसलाय का त्यात? मी म्हटले, पर्यावरण. ते बराच वेळ हसत होते. लष्करात या विषयाचे गांभीर्य नाही.

१३ मार्च, दुपार
सल्तनत आपाय, म्हणजे सल्तनतताई, माझ्या शेजारच्या खुर्चीवर कित्येक वर्षे काम करीत आहेत. चहात दूध ओतत त्या म्हणाल्या, अगं, साऊ बोल तो विमान धुणाऱ्यालाही म्हणत असेल. आणि थांबतो ते घास गिळायला. अनुभवाने माणूस कोरडा होतो. उद्यापासून आपायांशी कामापुरतेच बोलायचे.

१७ मार्च
नौरिझच्या, म्हणजे वसंतातल्या नववर्षाच्या सणाला काही वैमानिक आमचे केंद्र पाहायला येणार. त्यांत चारशे बाराचेही. बोलायची दोन वाक्ये पाठ केली. निळ्या स्कार्फला इस्त्री केली. आपायांशी पुन्हा बोलू लागले, कारण ओळख त्याच करून देणार.

२२ मार्च
आले. नाव तेमिरखान. मी तळलेल्या बाउर्साकांचे ताट घेऊन अगदी जवळ उभी होते. त्यांनी एक उचलला आणि आपायांना विचारले, ती सरळ वाट देणारी कोण हो तुमच्यात? आपायांनी त्यांच्यासाठी चहा ओतला. ते म्हणाले, मनानं चांगली असणार, पण तिला सांगा, नको. लवकर पोचतो आणि नेमका मोठ्या परदेशी विमानांच्या गर्दीत सापडतो. अर्धा तास अल्माटीवर घिरट्या. नेहमीच्या वेळी गेलो तर ती सगळी उतरलेली असतात, आम्ही थेट खाली. बायको विचारते, कोण ती बया, तुला लवकर सोडते आणि तू घरी उशिरा येतोस?

सगळे हसले. मीही हसले असावे. पाठ केलेले पहिले वाक्य मला नीट आठवत होते. आपायांनी माझ्या हातातले ताट काढून घेतले आणि त्यांना म्हणाल्या, ती आज रजेवर आहे. सांगते तिला.

२३ मार्च
पट्टा मोकळा होता. मागितला नाही. चारशे बारा लांबच्या वाटेने गेले, म्हणून माझ्या पडद्यावर आठ मिनिटे अधिक राहिले. हे मला आधीच सुचायला हवे होते.

त्या आठ मिनिटांत आम्हा दोघांनाही बोलण्यासारखे काही नव्हते.