योहान गारमेंट्ससमोरचा ढीग

५ ऑक्टोबर, रविवार
आजपासून रोजनिशी. मोठे व्यापारी ठेवतात म्हणे. हायस्कूलमध्ये एकतीस वर्षं क्लार्क होतो, म्हणजे लिहायची सवय आहेच. योहान गारमेंट्स सुरू होऊन तीन महिने झाले. आज गिऱ्हाईक नाही, कारण रविवार. काल नव्हतं, कारण दुसऱ्या दिवशी रविवार. पण हिवाळा तोंडावर आहे. कोल्हारपासून इकडे आमच्या गावापर्यंत जॅकेटचा असा स्टॉक कुणाकडे नाही. सारा म्हणाली, "गिऱ्हाईक तरी कुठंय?" बायकोला धंद्यातलं कळत नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार. बाजार.
दुकानासमोर, बरोबर रस्त्यापलीकडे, बनुबाईचा ढीग. पुण्याहून टेम्पो येतो, गठ्ठा टाकून जातो, ती तो ताडपत्रीवर ओतते. परदेशातल्या लोकांनी टाकून दिलेली जॅकेटं, स्वेटर, कोट. बायामाणसं गुडघ्यावर बसून उपसतात. एका म्हाताऱ्याने तिथंच एक अंगात चढवलं, पाठीवर कुठल्यातरी परदेशी अग्निशामक दलाचं नाव, आणि म्हशी हाकत निघून गेला.
माझ्या दुकानात दोघे आले. एकाने सुट्टे मागितले. दुसऱ्याने बनुबाईचं जॅकेट घालून माझ्या आरशात पाहिलं.

९ ऑक्टोबर, गुरुवार, दुपारी
शोध लागला! मोबाईलवर. बाहेरच्या देशातले वापरलेले कपडे परवान्याशिवाय आणता येत नाहीत. फाडून चिंध्या करून आणले तर चालतात, अख्खे नाही. बनुबाईचे सगळे अख्खे! तीनदा वाचलं. साराला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे चांगला स्वेटर फाडला की तो कायद्यात बसतो?"
मुद्दा तो नाही. मुद्दा जंतूंचा आहे, देशी कारागिरांचा आहे. माझा वैयक्तिक स्वार्थ शून्य. ढीग माझ्या दुकानासमोर आहे, हा योगायोग.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
तक्रार अर्ज, तीन प्रतींत. एकतीस वर्षांचा अनुभव कामी आला. हवालदाराने पूर्ण वाचला (बहुतेक). म्हणाला, हे काम कस्टमचं. मी विचारलं, कस्टमवाले कुठं भेटतील? म्हणाला, समुद्राकडं. आपल्याकडं प्रवरा आहे, तिला कस्टम नाही.
लोकांना कायद्याविषयी आस्था नाही. खचायचं नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार
नवी दिशा. ग्रामपंचायत. तिथले सदस्य काकासाहेब घोडेगावला म्हैस विकायला गेले होते, म्हणून दोन तास ओट्यावर बसलो. आल्यावर विषय समजावला. समजला नाही. त्यांना शोरूम पीसमधलं एक जॅकेट भेट दिलं. समजला.
याला लाच म्हणत नाहीत. सॅम्पल म्हणतात.

३० ऑक्टोबर, गुरुवार
ऐतिहासिक दिवस. ग्रामसभेत ठराव मंजूर. टाइप करताना 'परदेशी' हा शब्द गळाला. त्यामुळे ठराव असा झाला : 'गावच्या बाजारात जुने कपडे विकण्यास बंदी.' म्हणजे मागितलं त्याहून जास्त मिळालं. साराला म्हणालो, एकटा माणूससुद्धा गाव बदलू शकतो. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "बनुबाईच्या घरात कमावतं दुसरं कुणी नाही, हे ठाऊक हाय ना तुमाला?" चिडली की माहेरचं बोलणं येतं तिच्या तोंडात.

४ नोव्हेंबर, मंगळवार. बाजार.
अंमलबजावणी. पंचायतीची दोन माणसं आली, गठ्ठे उचलून पंचायतीच्या खोलीत टाकले. मला वाटलं होतं बनुबाई आरडाओरडा करेल. तसं उत्तरही तयार ठेवलं होतं. ती ओरडली नाही. मोकळ्या ताडपत्रीवर बसून राहिली संध्याकाळपर्यंत. जाताना दुकानाच्या पायरीशी आली. "सायेब, आता मी काय इकू?" मी आपुलकीने सांगितलं, नवा माल विका. ती म्हणाली, "नवा घेनारं मानूस माझ्याकडं कशाला यील?"
तेच तर. माझ्याकडे येईल.
ऊसतोडीच्या टोळ्या गावात आल्या आहेत. नदीकडच्या रानात पाचटाच्या कोप्या पडल्या. शंभर तरी माणसं असतील. पहाटे चारला थंडीत फडात जातात. देवाची योजना म्हणतात ती हीच.

९ नोव्हेंबर, रविवार
चर्चमध्ये पाळकसाहेबांनी साराच्या जांभळ्या जॅकेटचं कौतुक केलं. मीही मान डोलावली. आपल्या दुकानातला माल अंगावर किती शोभतो, असं चारचौघांत बोललो. घरी येताना कळलं. बनुबाईचं आहे. दोन वर्षं वापरतेय.
मी म्हणालो, निदान लेबल काप. ती म्हणाली, "कापते की. मग चिंधी होईल, कायद्यात बसंल."

११ नोव्हेंबर, मंगळवार. बाजार.
समोर ढीग नाही. सकाळी सातलाच शटर उघडलं. उदबत्ती. पहिला माणूस आला, विचारलं बनुबाई कुठं गेली. दुसरा, तेच. अकरापर्यंत नऊ जणांनी विचारलं. दहाव्यासाठी पाटी लावली : 'येथे फक्त नवीन.'
दुपारी टोळीतला आसाराम नावाचा माणूस आला, पाथर्डीकडचा. बरोबर त्याची आई मनकर्णा, साठीची. फडात तिला कोयता झेपत नाही, म्हणून कोपीवर पोरं सांभाळते. तिने एक जॅकेट हातात घेतलं. आतून, बाहेरून हात फिरवला. गालाला लावलं. मग घडी घालून, होतं तसंच ठेवलं. म्हणाली, "लई गुळगुळीत हाय, लेकरा. जुनं न्हाई का कुटं?" मी पाटी दाखवली. तिला वाचता येत नव्हतं.
घडी मात्र सुरेख घातली होती. आमच्याकडे काम मागितलं असतं तर दिलं असतं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
थंडी जबरदस्त. धंद्याला पोषक. ऊसतोडीवाले पहाटे खताच्या रिकाम्या गोण्या अंगावर घेऊन जातात. मध्ये डोक्यापुरतं भोक पाडलेलं. अजून आठ दिवस. गोणीत माणूस किती दिवस काढेल? शेवटी येतीलच.
सारा बनुबाईला कोल्हारच्या स्टँडवर भेटली. सुप्याला भावाकडे राहते, एमआयडीसीत एका कॅन्टीनला भांडी घासते. मी म्हणालो, बघ, ठरावातून रोजगारनिर्मिती झाली. सारा जेवताना उठून गेली. भूक नसावी.

४ डिसेंबर, गुरुवार
पंचायतीच्या खोलीतल्या गठ्ठ्यांचं काय, म्हणून चौकशीला गेलो. निव्वळ नागरिक म्हणून. काकासाहेब म्हणाले, नष्ट केले, ठरावाप्रमाणे. बाहेर त्यांचे तीन गडी ट्रॅक्टर धूत होते. तिघांच्या अंगात जॅकेट. एकाच्या पाठीवर बर्फाचा डोंगर.
काकासाहेबांच्या लक्षात आलं. म्हणाले, "विकले न्हाईत आमी. बंदी विकायला हाय."
ठराव मीच लिहिला होता. शब्द न् शब्द त्यांच्या बाजूचा निघाला.

१४ डिसेंबर, रविवार
उपदेश 'दोन अंगरखे असतील त्याने एक नसलेल्याला द्यावा' यावर. पाळकसाहेब सारखे माझ्याकडे बघत होते. साराला वाटलं, मला बोचावं म्हणून. मला वाटतं, ते स्टॉकचा अंदाज घेत होते. नाताळची मोठी ऑर्डर येऊ शकते. उद्या सगळी जॅकेटं झटकून ठेवायची.

१८ डिसेंबर, गुरुवार
ऑर्डर नाही. आसाराम आला. आईला खोकला, ताप, रात्रभर कुडकुडते. म्हणाला, "सायेब, एखादी जुनी गोधडी हाय का घरात? पैसं न्हाईत, मुकादमाकडची उचल घरीच सरली. टोळी उठंल तवा धुऊन आनून दीन." मी त्याला बसवलं, पाणी दिलं. समजावलं की आजारपणात उपचार महत्त्वाचा, पांघरूण दुय्यम. सरकारी दवाखान्याचा रस्ता कागदावर काढून दिला. नीट, बाणांसहित.
गोधडी दिली नाही. एकाला दिली की शंभर येतील. मग दुकान कशाला? शिवाय रॅकवर नव्या ब्लँकेटची थप्पी होती आणि तो तिकडे बघत होता. अशा वेळी मन घट्ट करावं लागतं. व्यापाऱ्याची परीक्षा असते ती.
सारा आतून सगळं ऐकत होती. 

१९ डिसेंबर, शुक्रवार
सकाळी आमच्या पलंगावरची गोधडी नाही. सारा पण नाही. नऊला परतली, चिखलाच्या पायांनी. म्हणाली, गोधडी देऊन आले, म्हातारीला दम लागलाय, टेम्पोने दवाखान्यात नेली. मला न विचारता, एवढंच मी म्हणालो. ती म्हणाली, "काल तुमाला विचारलं हुतं की. आसारामनं."

२२ डिसेंबर, सोमवार
मनकर्णाबाई गेली. दवाखान्यातच, पहाटे. गाडी करून आणली कोपीवर. पाथर्डीहून मुलगी यायची म्हणून अंत्यविधी उद्या. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसात पाणी झालं. म्हणजे थंडीने नव्हे. हे मी साराला दोनदा सांगितलं. वयही होतं. चुलीचा धूर असतो. कोपीत वारा शिरतो, ती जबाबदारी कारखान्याची किंवा मुकादमाची. दुकानदाराची कशी?
तिसऱ्यांदा सांगायला गेलो तर तिने आतून कडी लावली.

२३ डिसेंबर, मंगळवार. बाजार.
सकाळी आसाराम आला. बरोबर टोळीतले दोघे. बाजारच्या दिवशी दुकानात एकदम तीन माणसं, म्हणून मी सवयीने उठून "या, या" म्हणालो.
पांढरं कापड पाहिजे होतं.
मी ताका काढला. मग आठवलं, मागे दुमडलेला एक तुकडा होता, जरा डाग पडलेला, तो तसाच देता येईल. म्हणालो, हा घेऊन जा, याचे काही नकोत. आसारामने तुकड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "न्हाई सायेब. ह्याला नवंच लागतं." मी म्हणालो, बरं, नवं ने, पण पैसे राहू दे. तो म्हणाला, "त्या दिशी फुकट मागत हुतो. आता न्हाई."
टोळीने वर्गणी काढली असावी. नोटा चुरगळलेल्या होत्या, उसाच्या रसाने एकमेकींना चिकटलेल्या. त्याने काउंटरवर ठेवल्या. मी कापड मोजलं. फाडताना आवाज फार मोठा आला. सारा दारात येऊन उभी होती. आसाराम तिच्या पाया पडला, आणि तिघे गेले. ती त्यांच्यामागून गेली. मला ये म्हणाली नाही.
मीही जाणार होतो. पण बाजारचा दिवस, दुकान कुणावर सोडणार?
नंतर कुणी आलं नाही. नोटा दिवसभर काउंटरवर तशाच होत्या. हात लावला नाही.
संध्याकाळी गल्ल्यात टाकल्या.