बिस्किटात लोखंड कुठून आलं?

तीर्थरूप आई,

वाकून नमस्कार. (वाकलं की हल्ली पोटात ढवळतं, म्हणून प्रत्यक्षात उभ्यानेच केलाय. मनाने वाकले आहे असं समजा.) तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कुरकुरतो का? शेजारणीचं मांजर अजून तुमच्याच खुर्चीत झोपतं का? तुमचे चिरंजीव कसे आहेत हे मी विचारणार नव्हते, पण विचारते. जेवतात का नीट? सतरा दिवस झाले त्यांना बॅग उचलून तुमच्याकडे येऊन. माझे फोन घेत नाहीत, तीन पत्रं न उघडता परत आली, आणि तिसऱ्यावर तर त्यांनी स्वतःच्या अक्षरात ‘पत्ता चुकीचा’ असं लिहिलंय. पत्ता तुमचाच होता. म्हणून आता थेट तुम्हाला लिहिते. मला ते परत हवे आहेत, एवढंच मागणं आहे. बाकीचं पत्र म्हणजे त्यामागची हकिकत, आणि ती लांबणार आहे, तेव्हा टेकून बसा.

त्यांनी काय सांगितलं असेल ते मला ठाऊक आहे: बायकोने नवऱ्याच्या पोटावर पाय दिला. आई, माझं काम तुम्हाला माहीत आहेच. कारखान्यात बिस्किटाची प्रत्येक बॅच आधी माझ्या जिभेवर येते, मग बाजारात जाते. अकरा वर्षं मी ना तिखट खाल्लं ना कसला सेंट लावला, आणि अकरा वर्षांत मी नापास केलेला माल कुणी पास करून दाखवला नाही. (एकदा साखरेचं पोतं बदललेलं मी एका तुकड्यात ओळखलं होतं. हे मी तुम्हाला सांगितलंय, पण पुन्हा सांगायला हरकत नाही.) तर त्या दिवशी सकाळची पहिली बॅच तोंडात टाकली आणि लोखंड! दाराची जुनी कडी चाटावी तशी चव. मी शिक्का उचलला आणि ‘नापास’ मारला. दुसरी बॅच, लोखंड. तिसरी बॅच, लोखंड. केमिस्टने तीनदा तपासून लोहाचा अंशही नाही म्हणून सांगितलं, पण त्याच्या काचेच्या नळ्यांना काय कळतंय, असं मी त्याला तोंडावर म्हणाले. मॅनेजरसाहेबही माझ्याच बाजूने. आता बिस्किटात लोखंड येणार कुठून? पीठ मळायच्या यंत्रातून. आणि त्या यंत्राचा फिटर कोण? तुमचे चिरंजीव.

त्यांनी बिचाऱ्यांनी अख्खं यंत्र खोललं. एकशे चौदा भाग जमिनीवर कागद पसरून ओळीने मांडले, प्रत्येकावर खडूने आकडा घातला, भिंग लावून बघितलं. गंजाचा ठिपका नाही. यंत्र स्वच्छ आहे, असं त्यांनी लिहून दिलं. आणि मी काय लिहून दिलं? की गंज आहे, पण दिसत नाही. झालं, साहेबांनी त्यांच्या हातात मेमो ठेवला: यंत्राची निगा राखण्यात हलगर्जी, चौकशी संपेपर्यंत घरी बसावं. घरी येऊन त्यांनी मला एवढंच विचारलं, की माझ्या बाजूने तू एक शब्द तरी बोललीस का? मी त्यांच्याच हातचं पाणी पीत होते. एक घोट घेतला आणि (आई, आता लिहितानाही कान लाल होतायत) म्हणाले, या पाण्यालाही लोखंड लागलंय, हात धुतले होते का? बॅग भरायला त्यांना चार मिनिटं लागली.

मग मी ठरवलं की आपण खरे होतो हे सिद्ध करायचंच. दोन नंबरच्या यंत्रातला माल मागवला. त्याला त्यांचा हातही लागत नाही. त्यातही लोखंड! आता शहाण्या बाईला इथेच शंका आली असती. मी मात्र साहेबांना लेखी कळवलं की गंज पसरतोय. घरातले चमचे बदलले, दात घासायची पेस्ट बदलली, माठ बदलला. सगळीकडे लोखंड. दुपारी दोन वाजले की माझे डोळे मिटायला लागायचे, एकदा तर बिस्किटांच्या ट्रेवर गाल टेकून झोपले, आणि उठले तेव्हा गालावर कंपनीचं नाव उलटं उमटलेलं. (पॅकिंगच्या बायकांनी ते मला संध्याकाळी सांगितलं.) व्हॅनिलाचा वास, ज्याच्यावर मी जीव टाकते, तो आला की मी तोंडाला पदर लावून धावत सुटायचे. दर अर्ध्या तासाला बाथरूम. वॉचमनला वाटलं मी चोरून फोन करायला जाते. एक कोपरा तुटलेलं बिस्किट बघून मी ढसाढसा रडले, की याला आता कोण घेणार! ब्लाउज घट्ट व्हायला लागले, तर धोब्याशी भांडले. आणि तारीख म्हणाल, तर ती केव्हाच उलटून गेली होती. अंगात लोह साठलं की उशीर होत असेल, अशी मी मनाची समजूत घातली.

हसू नका. खरं सांगते, लग्नानंतर पहिली दोन वर्षं मी तारखा मोजायचे. दर महिन्याला मोजायचे आणि दर महिन्याला गुपचूप रडायचे. मग मोजणंच सोडून दिलं. सहा वर्षांत तुम्ही एकदाही तो विषय काढला नाहीत, त्याबद्दल तुमचे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत, आज दाखवते. तर जी गोष्ट घडणारच नाही असं माणूस धरून चालतं, ती समोर येऊन उभी राहिली तरी दिसत नाही.

शेवटी साहेबांनी जुन्या बाईंना बोलावलं. माझ्या आधी तीस वर्षं त्या जागेवर त्याच होत्या, मला चव घ्यायला त्यांनीच शिकवलं. आता सत्तरीच्या आहेत, कारखान्याची गाडी पाठवून आणलं त्यांना. टेबलाभोवती साहेब, केमिस्ट, दोन इंजिनिअर हाताची घडी घालून उभे. बाईंनी एक बिस्किट खाल्लं. मग दुसरं खाल्लं. मग चार बिस्किटं रुमालात बांधून पर्समध्ये टाकली. मग बिस्किटाकडे न बघता माझ्याकडे बघितलं, नीट, वरपासून खालपर्यंत, आणि त्या चार पुरुषांसमोर खणखणीत आवाजात विचारलं, “पाळी कधी आली होती गं शेवटची?”

केमिस्ट खिडकीबाहेर बघायला लागला. साहेबांच्या हातातली फाइल खाली पडली. बाई म्हणाल्या, माझ्या वेळी हा कारखाना दोनदा बंद पडलाय, दोन्ही वेळा लोखंडावरून, एकदा माझ्या थोरल्याच्या वेळी आणि एकदा धाकटीच्या. त्याच संध्याकाळी डॉक्टरीणबाईंकडे गेले. आठवा आठवडा चाललाय, आई. तोंडाला अशी चव येणं ही अगदी सुरुवातीची खूण असते म्हणाल्या, आणि मी काय काम करते ते ऐकल्यावर इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची धरावी लागली. मी तोंडघशी पडले आहे, आणि इतका आनंद मला जन्मात कधी झाला नव्हता.

तुमची सून

ता. क. १ : मेमो मागे घेतला आहे, तोही लेखी. नव्या फिटरने यंत्र जोडलं तर एकवीस भाग उरले. चालू केल्यावर पीठ छतावर गेलं, अजून तिथेच आहे. साहेब हात जोडायला तयार आहेत.

ता. क. २ : माझी जीभ ताळ्यावर यायला तीन-चार महिने लागतील म्हणे. तोवर साहेबांना असं माणूस हवंय, ज्याला कशाचंही कौतुक नाही. माझ्या हातचा पहिला घास घेऊन तुमची भुवई वर जाते आणि काय कमी पडलंय ते तुम्ही अचूक सांगता. (दर वेळी बरोबर असता. हे आजवर कबूल केलं नव्हतं.) मी तुमचं नाव दिलंय. सोमवारपासून.

ता. क. ३ : गेल्या महिन्यात तुम्ही तुमचा चष्मा इथेच विसरलात. तो माझ्या कपाटात आहे, आणि पाठवते पाठवते म्हणत मी मुद्दामच पाठवला नाही. तेव्हा हे पत्र तुम्हाला कोण वाचून दाखवतंय ते मला पहिल्या ओळीपासून माहीत आहे. अहो, थांबू नका, पुढचंही मोठ्याने वाचा. यंत्र स्वच्छ होतं. तुमचे हात स्वच्छ होते. चुकले मी. या आता घरी, दोघंही. आणि वाचताना आवाज अडखळला, तर आईंना सांगा, माझं अक्षर लागत नाही म्हणून.