आवाजाचं व्हाय-व्हाय

४ नोव्हेंबर

डॉक्टरांनी माझं बोलणं बंद केलंय, म्हणून लिहिते. एरवी रोजनिशी लिहिणाऱ्यांतली मी नव्हे. घशातून तुकडा काढून तपासायला पाठवलाय. रिपोर्ट येईपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही – कुजबुजायचंही नाही. "मॅडम, फार ओरडता का?" ओरडत नाही, शिकवते! पण हे सांगणार कसं? पाटी नव्हती जवळ.

६ नोव्हेंबर, गुरुवार

कंपन्यांना सुट्टी गुरुवारची, म्हणून माझा इंग्रजीचा वर्गही गुरुवारी. आकुर्डीत, फॅब्रिकेशनच्या दुकानावरच्या खोलीत. वर्ग बंद ठेवायचा? छे! सगळं फळ्यावर लिहिलं. आजचा धडा – कारण आणि परिणाम. बिकॉज, सो, देअरफोर. "आधी काय झालं ते सांगा. का झालं ते मग." आपल्याकडे सगळं उलट. नवनाथ कंपनीत प्रेस मशीनवर काम करतो. त्याला उशीर का झाला विचारलं की तो थेट गावापासून, अंबाजोगाईपासून सुरुवात करतो!

फळ्यावरचं मोठ्याने वाचायला कुणीतरी हवं होतं. दीपमालाला खूण केली. चाकणच्या एका कंपनीत माल तपासणीला आहे, कंत्राटावर. वाचते बरी. खाली ग्राइंडर सुरू झाला. मी वाचत असते तर आवाज चढवला असता. ती नुसती थांबली. तो बंद झाल्यावर पुढचं वाक्य.

९ नोव्हेंबर

भाजीवालीला बोटाने मेथी दाखवली. तर ती मला खुणांनीच भाव सांगू लागली. अगं बाई, मला ऐकू येतं!

११ नोव्हेंबर

वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझे जुने व्हॉइस मेसेज सापडले. "उशिरा येणाऱ्यांनी येऊच नये!" काय खणखणीत! जेवण झाल्यावर पुन्हा ऐकला. एकात कुणाचंतरी वाक्य दुरुस्त केलंय आणि शेवटी – "हं, पुढे!" वाक्य जमलं की मी हे म्हणतेच. इतकी वर्षं म्हणतेय, कधी लक्षातही आलं नाही.

तेवढं एकदा म्हणायला मिळू दे. बाकी काही नको.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

दीपमालाने आज कंपनीतली पद्धत फळ्यावर मांडली. माल बिघडला की 'का, का' विचारत मुळाशी जायचं. त्याला व्हाय-व्हाय म्हणतात. पुढच्या आठवड्यात परदेशी साहेबांसमोर तिला ते इंग्रजीत सांगायचंय. अट एकच – कारण म्हणून माणसाकडे बोट दाखवायचं नाही. तसं लिहिलं की कागद परत येतो.

"म्हणजे माझ्यावर काहीच येत नाही? लई भारी!" – नवनाथ. मग म्हणतो, "मॅडमच्या आवाजाचं करू की!" माझ्यासमोर!

आवाज गेला. का? मोठ्याने बोलल्या. का? खाली ग्राइंडर. मग खिडकी उघडी का? बंद केली की गुदमरतं.

"चुकलं सगळं. आम्ही ढ, म्हणून गेला आवाज!"

"माणूस चालत नाही, नवनाथदादा!" – दीपमाला.

खोली हसली. मीही हसले, आवाज न करता. तेवढ्यात दीपमालाने पुढचा 'का' विचारला – "मॅडम, माईक का नाही घेतला?"

'गरज नव्हती', मी फळ्यावर लिहिलं. खोटं. माझा आवाज मला आवडायचा. शेवटच्या बाकावरचा पेंगणारा दचकून जागा व्हायचा, ते आवडायचं. कॉलेजात भाषणं केली, पुढे संसारात कुणी एवढं ऐकलं नाही. इथे ऐकलं.

१८ नोव्हेंबर

रिपोर्ट आला. डॉक्टर बराच वेळ बोलत होते. मी पाटीवर एवढंच लिहिलं – गुरुवारी वर्गात बसू का? "बसा," म्हणाले.

२० नोव्हेंबर, गुरुवार

दीपमालाने काल साहेबांसमोर सांगितलं. आधी परिणाम, मग कारण. "मध्येच थांबवलं मला, मॅडम! पण मी पुन्हा पहिल्यापासून नाही सुरू केलं." कंत्राटाचं काय ते अजून कळायचंय.

मग तिने नवनाथला उभं केलं. "द मशीन स्टॉप्ड…" घाम फुटला त्याला. "…बिकॉज द बेल्ट वॉज लूज." जमलं! ती फळ्याकडे वळता वळता म्हणाली – "हं, पुढे!"

माझ्याच चालीत. तिला कळलंही नाही. नवनाथने मात्र माझ्याकडे पाहिलं. मी डस्टर झटकायला खिडकीशी गेले. बराच वेळ झटकत राहिले.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

वर्ग दीपमालाला दिला. कारण सोमवारी माझं स्वरयंत्र काढणार आहेत.

दिलं ते – खोलीची किल्ली. डस्टर. खडूंचा डबा. खालच्या दुकानदाराचा नंबर. नवा माईक.

"हं, पुढे!" तिच्याकडे आहे.