सोमवारचा ताप आणि माझे उरलेले रविवार

मी, दयाराम सखाराम मांजरेकर, वय ६१, राहणार मनवेलपाडा, विरार पूर्व, धंदा वेल्डिंग, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. छातीबद्दल तसे लिहून देता येत नाही; कारण कलम दोनमध्ये आहे.

१. मनवेलपाड्याची खोली पत्नी विनया हिची. तिचा भाऊ भावेश याने तिथे आठ दिवसांच्या वर मुक्काम करू नये.

२. गोखिवऱ्याचा गाळा मुलगा संकेत याला, पण अटीवर. जस्ताचा मुलामा असलेले पाइप जोडताना पांढरा धूर निघतो. मला दर सोमवारी संध्याकाळी थंडी वाजून ताप यायचा, मंगळवारी सकाळी उतरायचा. सासूबाईंनी सोमवारचा उपास धरायला लावला. मग ताप उपाशीपोटी येऊ लागला. शेवटी शोध मीच लावला. रविवारी काम केले की सोमवारी ताप येत नाही! म्हणजे रोग सुट्टीत होता. मी बावीस वर्षे सुट्टी घेतली नाही, आणि हा शोध शेजारच्या गाळ्यांनाही सांगितला.

गेल्या महिन्यात डॉ. रिटा यांना हे अभिमानाने सांगितले. त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अंकल, ताप म्हणजे शरीराची बोंब होती. रविवारच्या सुट्टीत धुराची सवय मोडायची म्हणून सोमवारी ताप यायचा. रोज धूर खाऊन सवय झाली म्हणून बोंब थांबली, धूर आत जातच होता. त्याचे कण एवढे बारीक, तुमच्या तोंडावर बांधलेल्या रुमालातून आरामात जातात."

रुमाल दुहेरी घडीचा होता, तरीही.

तेव्हा संकेतने धूर ओढणारा पंखा बसवावा, चांगला मास्क वापरावा आणि रविवारी कुलूप लावावे. न ऐकल्यास गाळा मुलगी उन्नतीचा. ती ऐकते.

३. भावेश म्हणायचा, "दाजी, गूळ खा, छाती साफ होते." छाती आहे तशीच राहिली, मधुमेह मात्र लागला. गुळाचा डबा त्यालाच द्यावा.

४. विनया राजोडीच्या समुद्रावर जाऊ म्हणायची. मी म्हणायचो, "रविवारी फिरलो तर सोमवारी ताप येईल." ती रविवारीही डबा भरून द्यायची. याची मला फार लाज वाटते. माझे उरलेले सर्व रविवार मी तिला देतो. किती आहेत ते डॉक्टरांना विचारलेले नाही. वकील म्हणतात, मृत्युपत्र मेल्यावरच लागू होते. हे कलम आजपासून लागू.

साक्षीदार:
डेल्फिन लोपीस, शेजारीण (सही)
रामू भोईर, बाजूच्या गाळ्यातला वेल्डर. आज गाळा बंद ठेवून आला (सही)

विरार, रविवार, दि. २ मे २००४, दुपारी चार.

द. स. मांजरेकर
(सही घाईत केली आहे. विनया खाली रिक्षात बसली आहे.)